वाचकांचे प्रश्न : संस्थेतली माहिती बाहेर जाते कोठून?

या महिन्यात कोकणपट्टीतून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच काळजीतून लिहिलेली आहेत. पतसंस्था, देवस्थान, निर्यातदार, घरगुती निवासव्यवस्था चालवणारे कुटुंब अशा अगदी वेगवेगळ्या ठिकाणांहून ती आली असली, तरी आपल्या कामातली नाजूक माहिती नको त्याच्या हाती पडू नये यासाठी रोजच्या व्यवहारात नेमके काय करायचे, हाच सर्वांचा प्रश्न आहे. विषयाचे स्वरूप पाहता पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे येथे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या चिपळूण तालुक्यात तीन शाखा आहेत. कॅमेरे, सायरन आणि नवे सॉफ्टवेअर यांवर आम्ही बराच खर्च केला. तरीही रोकड कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीतून निघते हे नाक्यावरच्या टपरीवर सर्वांना ठाऊक असते, असे एका सभासदाने वार्षिक सभेत उभे राहून सांगितले. आता सुरुवात कोठून करावी? – व्यवस्थापक

उत्तर : त्या सभासदाचे आभार मानून सुरुवात करावी, कारण कोणत्याही कॅमेऱ्याला न दिसलेली गोष्ट त्यांनी तुम्हाला दाखवली आहे. कुलूप, तिजोरी आणि पासवर्ड यांची व्यवस्था आवश्यकच आहे. परंतु तुमच्या संस्थेची माहिती कुलूप तोडून बाहेर गेलेली नाही. ती रोजच्या ठरावीक वेळेतून, ठरावीक गाडीतून आणि मोठ्या आवाजातल्या बोलण्यातून, कोणीही न चोरता बाहेर गेली आहे.

या विषयाचा शास्त्रशुद्ध विचार ज्या प्रसंगातून सुरू झाला, तोही असाच होता. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या बॉम्बफेकी विमानांचे हल्ले अपेक्षेइतके यशस्वी होत नव्हते आणि शत्रूला ते आधीच कळत असावेत असा संशय बळावत होता. 1966-67 मध्ये ‘पर्पल ड्रॅगन’ या सांकेतिक नावाने त्याची चौकशी झाली. चौकशी पथकाने शत्रूच्या हेरांचा माग काढण्याऐवजी आपलीच मोहीम शत्रूच्या जागी बसून, पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत पाहिली. तेव्हा लक्षात आले की, विमानांच्या उड्डाणाची माहिती नागरी हवाई वाहतूक यंत्रणेला आगाऊ कळवली जात होती आणि तेथून ती अनेकांपर्यंत विनासायास पोहोचत होती. पुढे 1988 मध्ये अमेरिकी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या निर्देशाने ही पद्धत तेथील सरकारी खात्यांना लागू झाली. जपण्याजोगी माहिती कोणती, ती कोणाला हवी आहे, ती कोठून निसटू शकते, निसटल्यास नुकसान किती आणि त्यावर परवडणारा उपाय कोणता, असा तिचा क्रम आहे. तुमच्या तीन शाखांसाठीही नेमका हाच क्रम उपयोगी पडेल.

पहिला प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक संस्था वगळतात. सगळेच गोपनीय ठरवले, तर कर्मचाऱ्यांना कशाचेच गांभीर्य उरत नाही. तुमच्या बाबतीत जपण्याजोगी यादी एका कागदावर मावेल इतकीच असावी: रोकड हलवण्याची वेळ, वाहन आणि माणूस, तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, ठेवीदारांच्या रकमा आणि केवायसीचे कागद, कर्जदारांची थकबाकी, आणि संगणक प्रणालीत शिरण्याचे अधिकार. यातील प्रत्येक गोष्ट कोणाला कळायला हवी आणि किती काळ जपायला हवी, हे तिच्यासमोर लिहावे. उद्या सकाळी रोकड निघणार ही बाब रोकड पोहोचेपर्यंतच गुप्त ठेवायची असते. ठेवीदाराची रक्कम मात्र कायम जपायची असते.

त्यानंतर परगावच्या, पण विश्वासातल्या एखाद्या माणसाला तासभर ग्राहकांच्या बाकावर बसवावे आणि दिसले, ऐकू आले ते सर्व लिहून काढायला सांगावे. अशा पाहणीत मला वारंवार आढळलेल्या गोष्टी सांगतो. रोखपालाच्या संगणकाचा पडदा काचेत उलटा दिसतो आणि त्यावरील नाव सहज वाचता येते. “साहेब आज वरच्या शाखेत पैसे घेऊन गेलेत” हे उत्तर फोनवर कोणालाही मिळते. आणि ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही ते म्हणजे पाठकोरे कागद. काटकसर म्हणून जुन्या अर्जांच्या, आधारच्या झेरॉक्सच्या आणि खाते उताऱ्यांच्या कोऱ्या बाजूवर व्याजाचा हिशेब करून तो कागद ग्राहकाच्या हातात दिला जातो. ग्राहक घरी जाऊन कागद उलटतो, तेव्हा त्याच्या हातात दुसऱ्याच खातेदाराचे नाव, पत्ता आणि फोटो असतो. काटकसर चांगलीच आहे, परंतु असे कागद श्रेडरमध्ये गेले पाहिजेत आणि रद्दीच्या गठ्ठ्यातही त्यांना जागा नसावी.

रोकडीच्या बाबतीत वेळ, रस्ता आणि वाहन बदलते ठेवावे. त्या दिवसाचा निर्णय जाणाऱ्यांना त्याच सकाळी समक्ष सांगावा. कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर तो कधीही टाकू नये. विमा कंपनीने रोकड वाहतुकीसाठी घातलेल्या अटी व्यवस्थापकाने स्वतः वाचाव्यात. कोणाकोणाला माहिती होती याची नोंद मात्र जरूर ठेवावी, म्हणजे पुढे काही अघटित घडल्यास संशयाची सुई सगळ्या कर्मचाऱ्यांवर फिरत नाही. ही नोंद प्रामाणिक माणसाचे संरक्षण करते.

घरोघर जाऊन रोजची छोटी ठेव गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांचा वेगळा विचार करा. पतसंस्थेचा पाया त्यांच्या पायपिटीवर उभा असतो आणि त्यांचाच रस्ता व वेळ साऱ्या बाजारपेठेला पाठ असते. घराघरांत रोजच्या वेळी जाणे हेच त्यांचे काम असल्यामुळे त्यांना वेळ बदलता येणार नाही. तेव्हा एका वेळी हातात राहणारी रक्कम कमी करावी, दुपारी मधला भरणा घ्यावा आणि एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्याला दिसणार नाही अशा रीतीने नोंद करण्याची सवय लावावी.

चिपळूणकरांना आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. 22 जुलै 2021 च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि असंख्य दुकानांतील व कार्यालयांतील कागद चिखलात गेले. अशा वेळी आवराआवरीच्या घाईत भिजलेले गठ्ठे गाळाबरोबर बाहेर काढले जातात आणि त्यात कोणाची कागदपत्रे आहेत हे पाहायला कोणालाही सवड नसते. म्हणून पावसाळ्यापूर्वीच ठरवावे की, केवायसीचे कागद वरच्या मजल्यावर राहतील, माहितीची कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी प्रत दुसऱ्या गावी असेल आणि भिजलेले कागद नष्ट करण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसाकडे असेल.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीहून आंबा आणि आंब्याचे पदार्थ निर्यात करतो. ऐन हंगामात आमच्या परदेशी ग्राहकाला आमच्या पत्त्याशी मिळत्याजुळत्या, फक्त एका अक्षराचा फरक असलेल्या पत्त्यावरून ईमेल गेला. त्यात बिलाचा क्रमांक, रक्कम, मालाचे वर्णन सर्व अचूक होते आणि पैसे नव्या खात्यात पाठवा असे म्हटले होते. ग्राहकाने फोन करून विचारले म्हणून पैसे वाचले. हा मेल पाठवणाऱ्या भामट्यांना बिलाचा तपशील कसा मिळाला असेल? – भागीदार, निर्यात संस्था

उत्तर : इतका अचूक तपशील अंदाजाने जमत नाही. तुमची किंवा तुमच्या ग्राहकाची मेलपेटी कोणीतरी शांतपणे वाचत आहे, असे धरूनच आजपासून वागावे. पासवर्ड बदलणे हे पहिले काम असले तरी ते पुरेसे नाही. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आलेला मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा किंवा ठरावीक शब्दांचे मेल बाजूला लपवण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे का, ते पाहा. असा नियम पासवर्ड बदलल्यावरही चालूच राहतो आणि तुमचे मेल पूर्वीसारखेच बाहेर जात राहतात. मग खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडलेले आहे, परत मिळवण्यासाठी कोणाचा मोबाइल नोंदवलेला आहे हे तपासा आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणारी सोय) सुरू करा.

कौटुंबिक व्यवसायांत एकच मेल खाते आणि एकच पासवर्ड भागीदार, मुलगा, हिशेबनीस आणि हंगामापुरता आलेला मुलगा असे सगळे वापरतात. यात कोणाचा हेतू वाईट नसतो, परंतु एखाद्या वर्षी काही निसटले तर ते कोठून निसटले हे शोधण्याचा मार्गच उरत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्या आणि हंगाम संपताच तात्पुरत्या कर्मचाऱ्यांची खाती बंद करा. काम सोडून गेलेल्या माणसाचे खाते वर्षानुवर्षे चालू राहणे, हा लहान संस्थांमधला सर्वांत सामान्य आणि सर्वांत सहज टाळता येणारा दोष आहे.

दुसरी बाब छायाचित्रांची. पेट्या रचून झाल्यावर आनंदाने काढलेल्या फोटोत मागच्या टेबलावरचा पॅकिंग लिस्टचा कागद, पेटीवरचे लेबल आणि एअरवे बिलाचा (विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीचा) क्रमांक वाचता येतो. त्या क्रमांकावरून माल कोठे पोहोचला हे विमान कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. जाहिरात थांबवा असे मी म्हणणार नाही, कारण हापूसच्या विक्रीला ती लागतेच. फोटो माल पोहोचल्यावर टाकावा आणि टाकण्यापूर्वी बोटांनी मोठा करून कोपरे पाहावेत.

ग्राहकाने जे केले तोच कायमचा नियम करा. बँक खात्यात बदल झाल्याचे कोणत्याही मेलवरून मान्य करायचे नाही. पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून, ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकूनच मान्य करायचे. संशयित मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करण्यात अर्थ नाही, कारण तो क्रमांकही भामट्यांचाच असतो. हा नियम प्रत्येक बिलावर छापावा. पैसे गेलेच असते, तर ग्राहकाने त्याच्या बँकेला तत्काळ कळवून रक्कम रोखण्याची विनंती करणे हाच पहिला उपाय होता. आपल्याकडे आर्थिक फसवणुकीसाठी 1930 ही हेल्पलाइन आणि गृह मंत्रालयाचे सायबर गुन्हे तक्रार पोर्टल आहे. मेलपेटीत कोणी शिरल्याचे आढळले, तर ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवायची असते.

प्रश्न : शिमग्यात आमच्या ग्रामदेवतेची रूपे आणि दागिने बँकेच्या लॉकरमधून आणून पालखी सजवली जाते. दागिने केव्हा निघाले, कोठे पोहोचले, हे गावातील तरुण मंडळी व्हॉट्सअॅपवर क्षणोक्षणी कळवत असतात. मुंबईकर चाकरमान्यांनाही ते हवे असते. उत्साहावर पाणी न घालता हे कसे आवरावे? – विश्वस्त, संगमेश्वर तालुका

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. 24 मार्च 2012 रोजी दिवेआगरच्या सुवर्णगणेशाच्या मंदिरावर पडलेला दरोडा कोकण विसरलेले नाही. त्यात मंदिराच्या दोन रखवालदारांचे प्राण गेले. देवस्थानची सुरक्षा म्हटली की सोन्याचा विचार आधी होतो, परंतु रात्री देवळात झोपणारा माणूस सर्वांत आधी जपायचा आहे.

देवाकडे दागिने आहेत ही गोष्ट लपवता येत नाही आणि लपवण्याची गरजही नाही. पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, कोणाच्या घरी येणार हे तर जाहीर झालेच पाहिजे. त्यासाठीच माणसे रजा टाकून, गाड्यांची गर्दी सोसून गावी येतात. जपायचे ते एवढेच: लॉकर उघडण्याची वेळ, गाडी, सोबतची माणसे, रात्री दागिने कोठे राहतात, किल्ली कोणाकडे असते आणि पहाऱ्याला किती जण असतात. दागिने आणायला वेगवेगळ्या वाड्यांतले किमान दोन जबाबदार मानकरी असावेत, म्हणजे नंतर कुजबुजीला जागा राहत नाही. वेळ त्यांनाच माहीत असावी, आणि बंदोबस्तासाठी पोलिसांना ती आधी कळवावी. प्रत्येक दागिन्याचे वजन व छायाचित्र असलेली यादी सीलबंद करून देवस्थानच्या दप्तरात ठेवावी. ती कोणाच्याही मोबाइलमध्ये राहू देऊ नये.

तरुणांना बंदी घातली, तर ते ऐकणार नाहीत आणि मन दुखावेल ते वेगळेच. त्यांच्यापैकीच दोघा-तिघांकडे उत्सवाची छायाचित्रे व बातम्या देण्याचे काम सोपवावे आणि पालखी सहाणेवर (पालखी ठेवण्याच्या ठरलेल्या जागी) विराजमान झाल्यानंतरच पहिला फोटो जाईल असे त्यांच्याशी बोलून ठरवावे. चाकरमान्यांना पालखीचे दर्शन हवे असते. रस्त्यातल्या गाडीचा ठावठिकाणा त्यांना नको असतो. हे तरुणांना समजावून सांगितले तर पटते, असा माझा विश्वास आहे.

प्रश्न : मी आमच्या मच्छीमार सहकारी सोसायटीचा सभासद आहे. संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त आणि माझ्या डिझेल परताव्याचा हिशेब मागितला, तेव्हा ‘ही संस्थेची गोपनीय माहिती आहे’ असे उत्तर मिळाले. हे योग्य आहे का? – सभासद, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : योग्य नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 नुसार उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समिती सदस्यांची यादी, सभासदांचे रजिस्टर, सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या सभांची इतिवृत्ते, तसेच सभासदाचे स्वतःचे व्यवहार ज्यात नोंदले आहेत ते हिशेबाचे भाग पाहण्याचा सभासदाला हक्क आहे आणि त्यांच्या प्रती शुल्क भरून मागता येतात. कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या; उत्तर न मिळाल्यास सहायक निबंधकांच्या कार्यालयाकडे जा.

संचालकांनाही मला कळकळीने सांगायचे आहे. सभासदांपासून हिशेब दडवण्याला माहितीची सुरक्षा म्हणणे हा त्या कल्पनेचा गैरवापर आहे, आणि त्याचा परिणाम असा होतो की, उद्या खरोखरच जपण्याजोगी गोष्ट जपायला सांगितली तरी सभासद तिच्याकडे संशयाने पाहतात. दुसऱ्या सभासदाचा बँक खाते क्रमांक, त्याची थकबाकी, त्याच्या आधारची प्रत ही माहिती जरूर राखून ठेवा. तुम्हाला तुमच्या हिशेबाचा उतारा देताना इतरांच्या ओळी झाकता येतात. त्यासाठी अख्खे रजिस्टर नाकारण्याचे कारण नाही.

जाता जाता तांडेल मंडळींसाठी, म्हणजे मासेमारी नौकांच्या प्रमुखांसाठी एक सूचना. जीपीएस यंत्रात साठवलेल्या मासेमारीच्या खुणा ही वर्षानुवर्षांच्या अनुभवाची कमाई असते. यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी त्या खुणा वहीत उतरवून यंत्रातून पुसाव्यात.

प्रश्न : मी किनाऱ्यावरच्या एका सरकारी प्रकल्पावर कंत्राटदाराकडे नोकरी करतो. नोकरीच्या संकेतस्थळावरून ओळख झालेल्या एका व्यक्तीने ‘सल्लागार’ म्हणून पैसे देऊ केले असून कामाची छायाचित्रे आणि नकाशे मागितले आहेत. आतापर्यंत मी फक्त साधी माहिती दिली आहे. पुढे काय करू? – कनिष्ठ अभियंता

उत्तर : संभाषण आत्ताच थांबवावे, परंतु ते पुसू नये. सर्व संदेश तसेच ठेवून आजच आपल्या वरिष्ठांना आणि प्रकल्पाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना सांगावे. आधी निरुपद्रवी प्रश्न, मग थोडे पैसे आणि त्यानंतर अशी मागणी की, आधीच्या पैशांमुळे नाही म्हणता येऊ नये, ही जाळ्यात ओढण्याची जुनी रीत आहे. संरक्षणाशी संबंधित जागा असल्यास 1923 चा शासकीय गुपिते अधिनियमही लागू होऊ शकतो, म्हणून उशीर करू नये.

साधी माहिती साधी असते असे नाही. ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या अॅपने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर धावपटूंच्या मार्गांच्या रेषांमधून दुर्गम भागांतल्या लष्करी तळांचे आराखडे उजळून दिसत असल्याचे 2018 च्या जानेवारीत लक्षात आले. धावणाऱ्या प्रत्येक सैनिकाने फक्त आपला व्यायाम नोंदवला होता.

तुमच्या कंत्राटदारांनी हे वाचले, तर त्यांना विनंती आहे की, स्वतःहून येऊन सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला ओरडू नका, त्याची नोकरी धोक्यात आणू नका. एकाला शिक्षा झाली की, पुढचे दहा जण गप्प बसतात आणि मग संस्थेला गोष्ट कळते ती फार उशिरा.

प्रश्न : मालवणजवळ आमचे चार खोल्यांचे होम स्टे आहे. पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये साठत जातात. ते किती काळ ठेवावेत? – गृहिणी

उत्तर : पाहुण्यांची ओळख पटवणे आणि नोंदवहीत नोंद करणे आवश्यक आहे, फोटोंचा साठा करणे आवश्यक नाही. पाहुण्यांकडून मास्क केलेले आधार मागावे. त्यात पहिले 8 अंक झाकलेले असतात आणि फक्त शेवटचे 4 दिसतात. परदेशी पाहुण्यांची माहिती कळवण्याचे नियम वेगळे आहेत, ते जवळच्या पोलीस ठाण्यात समजून घ्यावेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आग्रह असा आहे की, ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवण्याचे बंधन नसेल, तर ती पुसावी. तेव्हा नोंदवही कपाटात कुलपात ठेवा आणि जुने फोटो या आठवड्यातच काढून टाका. व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो गॅलरीतून पुसले तरी चॅटमध्ये राहू शकतात, आणि गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो पुसल्यावरही 60 दिवसांपर्यंत ‘ट्रॅश’मध्ये राहतात, ही दोन्ही ठिकाणे उघडून रिकामी करा.